आयर्लंडची गटसहल: पत्रक कसं वाचावं, व्हिसा कसा काढावा, बसमधून उतरल्यावर काय करावं

आयर्लंडच्या गटसहलीत सगळ्यात आधी वेळ कमी पडतो. डब्लिन ते गॉलवे साधारण २१० किलोमीटर, डब्लिन ते बेलफास्ट १६५, डब्लिन ते किलार्नी ३००. आकडे पाहून पुणे-कोल्हापूर किंवा मुंबई-पुणे असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि सहल आखणारेही त्याच हिशेबाने एका दिवसात तीन-तीन ठिकाणं कोंबतात. डब्लिनहून निघणारे महामार्ग चांगले आहेत, तिथे हिशेब जमतो. पश्चिम किनाऱ्यावर मात्र रस्ता जेमतेम दीड बसचा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे किंवा काटेरी झुडपं, आणि वळणापलीकडे मेंढ्या उभ्या. तिथे तासाला चाळीस-पन्नास किलोमीटर झाले तरी पुष्कळ. म्हणून सहल निवडताना किती ठिकाणं दाखवतात हे मोजू नका. रोज बसच्या बाहेर, स्वतःच्या पायांवर किती तास मिळणार, ते मोजा.

पत्रक हातात घ्या, सोबत पेन्सिल घ्या

आधी हॉटेलच्या रात्री मोजा. आठ दिवसांच्या सहलीत सात रात्री असतात. त्या सात रात्रींत पाच-सहा वेगळी हॉटेलं असतील तर ती सहल बाजूला ठेवा. रोज सकाळी साडेसहाला बॅग दाराबाहेर, साडेसातला नाश्ता, साडेआठला बस, असा रगाडा साठीच्या पुढच्या माणसाला चौथ्या दिवशी थकवतो. चांगल्या आखणीत डब्लिनला दोन, किलार्नी किंवा केरी भागात दोन, गॉलवे भागात दोन आणि शेवटची पुन्हा डब्लिनला एक रात्र असते.

मग क्रियापदं वाचा. 'भेट देऊ' म्हणजे तिकीट काढून आत. 'पाहू' म्हणजे बहुधा बाहेरून. 'जवळून जाऊ' म्हणजे खिडकीतून. 'फोटोसाठी थांबू' म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, त्यातली पाच उतरण्या-चढण्यात. प्रत्येक ठिकाणापुढे पेन्सिलने यातलं एक लिहा आणि कंपनीला इमेलने विचारा, की इथलं तिकीट धरलं आहे का, आणि साधारण किती वेळ देता. लेखी उत्तर द्यायला जी कंपनी टाळाटाळ करते तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

सहलीचे प्रकार मुख्यतः चार. पहिला भारतीय कंपनीचा: सोबत मराठी-हिंदी बोलणारा टूर मॅनेजर, संध्याकाळी भारतीय जेवण, आणि बहुतेक वेळा आयर्लंड हे ब्रिटन-स्कॉटलंडच्या सहलीला जोडलेलं शेपूट. पत्रकात आयर्लंडचे दिवस दोन-तीनच असतील तर डब्लिन, बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे (उत्तर किनाऱ्यावरचे दगडी खांब) एवढंच होतं, पश्चिम किनारा राहतो. दुसरा प्रकार डब्लिनला जाऊन मिळायची मोठ्या बसची सहल: पन्नासच्या आसपास माणसं, जगभरातले प्रवासी, इंग्रजीत बोलणारा गाईड. तिसरा छोट्या गाडीचा, पंधरा-सोळा जणांचा. चौथा म्हणजे डब्लिनमध्येच मुक्काम ठेवून रोज एका दिवसाची सहल घ्यायची.

इंग्रजी ऐकून समजत असेल आणि चालायची सवय असेल तर आम्ही तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहोत, आणि त्याला रस्त्याचं कारण आहे. डिंगल द्वीपकल्पातली कॉनर पास ही खिंड दोन टनांपेक्षा जड वाहनांना बंद आहे. स्ली हेडचा किनारी रस्ता मोठ्या बसला अतिशय अडचणीचा, आणि किलार्नीजवळच्या गॅप ऑफ डन्लोमध्ये मोठी बस जातच नाही. असे रस्ते हवे असतील तर गाडी लहानच हवी; कॉनर पाससाठी मात्र पंधरा-सोळा जणांची गाडीही जड ठरते, म्हणून ती खिंड पत्रकात असेल तर कशी दाखवणार ते विचारा. मात्र गुडघे दुखत असतील, सामान जास्त असेल, तर मोठी बस बरी. तिची पायरी वाकून खाली येते, सामानाची जागा मोठी असते, आणि वळणांवर पोटात कमी ढवळतं.

चौथ्या प्रकाराची अडचण सरळ आहे. डब्लिनहून क्लिफ्स ऑफ मोहर हे पश्चिमेचे समुद्रकडे पाहून परत यायला बारा-तेरा तास जातात आणि त्यातले सहा-सात बसमध्ये. डब्लिनजवळच्या विकलो, ग्लेंडालॉख, न्यूग्रेंज यांच्यासाठी एकदिवसीय सहल उत्तम. पश्चिम किनाऱ्यासाठी नको.

दोन देश, दोन चलनं आणि व्हिसाचा घोळ

आयर्लंड बेटावर दोन राज्यव्यवस्था आहेत. आयर्लंडचं प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, तिथे युरो चालतो, रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरमध्ये. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे, तिथे पौंड, आणि पाट्या मैलांत. सीमेवर नाका नाही, कमान नाही. पाटीवरचा आकडा अचानक मैलांचा झाला आणि फोनने नवीन नेटवर्कचं स्वागत केलं, की सीमा गेली.

नाका नाही म्हणून परवानगी लागत नाही, अशी समजूत करून घेऊ नका. यात तीन चुका हमखास होतात.

पहिली चूक शेंगेन व्हिसाची. आयर्लंड युरोपीय संघात असलं तरी शेंगेनमध्ये नाही. पॅरिस-स्वित्झर्लंडचा व्हिसा इथे चालत नाही. भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा स्वतःचा अल्पमुदतीचा 'सी' व्हिसा लागतो.

दुसरी चूक एकेरी प्रवेशाची. आयर्लंडचा साधा एकेरी व्हिसा घेऊन तुम्ही बेलफास्टला गेलात की तुम्ही देश सोडलात. परत डब्लिनला येणं हा दुसरा प्रवेश ठरतो, शिवाय ब्रिटनची परवानगी नव्हतीच. अध्येमध्ये तपासणी होते, आणि सापडल्यावर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते लिहावं लागतं.

यावरचा मार्ग म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना. ती भारतीय आणि चिनी नागरिकांसाठी आहे. व्हिसावर 'बीआयव्हीएस' अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. अट अशी, की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं. आयर्लंडचा व्हिसा असेल तर आधी डब्लिन, ब्रिटनचा असेल तर आधी लंडन, मँचेस्टर किंवा एडिंबरा. तिसरी चूक इथेच होते: विमान स्वस्त मिळालं म्हणून लोक क्रम उलटा करतात. तिकीट काढण्याआधी कंपनीकडून दोन प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या. सहल उत्तर आयर्लंडमध्ये जाते का? आणि आम्ही आधी कुठे उतरतो? नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या आठवड्यात आयरिश इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर ते पुन्हा वाचून घ्यावेत.

अर्जाच्या पायऱ्या

प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. मे ते ऑगस्टच्या सहलीसाठी ही खिडकी उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या, कारण भारतातून उन्हाळ्यात अर्जांची रीघ लागते.

'अवॅट्स' या सरकारी ऑनलाइन प्रणालीत अर्ज भरायचा, शेवटी निघणाऱ्या सारांशाची छापील प्रत काढून सही करायची, आणि पासपोर्ट व कागदपत्रांसह व्हिसा केंद्रात जमा करायचं. बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात, म्हणून घरातल्या प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. शुल्क एकेरी प्रवेशाला ६० युरो, अनेक प्रवेशांना १००, अधिक केंद्राचा सेवाआकार. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त नकार बँकेच्या पासबुकावरून येतात. सहा महिन्यांचं स्टेटमेंट द्यायचं असतं. अर्जाच्या आधीच्या आठवड्यात खात्यात तीन-चार लाख एकदम जमा झाले आणि ते कुठून आले हे सांगितलं नाही, तर अधिकारी ते उसने आणलेले धरतो. मुदत ठेव मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा, मुलाने पाठवले असतील तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट. दुसरं कारण जुना नकार लपवणं. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेने नाकारलेला व्हिसासुद्धा लिहा आणि नकाराचं पत्र जोडा. लपवलेला नकार सापडला तर तेवढ्यावरच अर्ज जातो.

गावी परत येण्याचा पुरावा म्हणून शेतजमिनीचा सातबारा जोडणार असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर हवं. मूळ मराठी प्रत सोबत, भाषांतर वर. निवृत्त माणसाने पेन्शनचा आदेश आणि मागच्या वर्षांची आयकर विवरणपत्रं द्यावीत. अर्जासोबत एक पानाचं साधं पत्र: कोण जातंय, कुठली सहल, कुठल्या तारखा, खर्च कोण करतंय. लांबण लावू नका.

भारतातून डब्लिनला थेट विमान नाही. दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे जाणं सोपं पडतं, कारण एकाच तिकिटावर सामान थेट डब्लिनला जातं आणि मधे व्हिसा लागत नाही. लंडन किंवा युरोपातल्या विमानतळावरून जाणार असाल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते आधी पाहा. दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करणाऱ्यांची इथे फसगत होते: सामान उचलून पुन्हा द्यायचं म्हणजे इमिग्रेशन पार करायचं, आणि त्यासाठी व्हिसा नसतो.

केव्हा जायचं, बॅगेत काय भरायचं

मे, जून आणि सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. जूनच्या अखेरीस डब्लिनला दिवस सतरा तासांचा असतो, रात्री दहापर्यंत उजेड. डिसेंबरात साडेसात तास, चार वाजता अंधार. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या आसपास डब्लिनची हॉटेलं भरलेली आणि महाग असतात.

पाऊस आपल्यासारखा धो-धो पडत नाही. डब्लिनचा वर्षाचा पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण तो वर्षभर विखुरलेला: पूर्वेकडे वर्षातले दीडशे दिवस, पश्चिमेकडे काही भागांत सव्वादोनशे. आणि तो आडवा येतो. अटलांटिकचा वारा छत्री उलटी करतो, काड्या मोडतो, मग ती कचऱ्याच्या डब्यात जाते. छत्री घरी ठेवा. टोपीचा, चेनचा, मांडीपर्यंत येणारा रेनकोट घ्या. त्याखाली पातळ कपड्यांचे थर, वर लोकरी स्वेटर. जुलैतही दुपारी १८-२० अंशांच्या वर क्वचितच जातं. जाड ओव्हरकोट नको, एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही.

बुटांना घोटा धरणारा, खाचांचा तळ हवा. साडी किंवा लांब ड्रेस घालायचा असेल तर डब्लिनच्या दिवशी घाला. कड्यावर आणि कॉजवेवर पँट बरी.

प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, ब्रिटनसारखा. आपला गोल पिनांचा बसत नाही. व्होल्टेज २३० असल्याने फक्त अडॅप्टर पुरतो, तोच उत्तरेतही चालतो. रोमिंगचा पॅक घेताना त्यात आयर्लंड आणि युनायटेड किंग्डम दोन्ही आहेत का ते बघा. एकच देश असेल तर सीमेपलीकडे दुसऱ्याच दराने बिल लागतं.

मोठ्या बसला माणशी एक मोठी बॅग, तीही वीस-तेवीस किलोची, असा सर्वसाधारण नियम असतो. जुन्या हॉटेलांत लिफ्ट नसते किंवा एका माणसापुरती असते. दोन मध्यम बॅगांऐवजी एक बॅग आणि पाठीवर पिशवी.

खाण्याचं

शाकाहारी माणूस आयर्लंडमध्ये उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. सकाळच्या नाश्त्यात सॉसेजशेजारी काळ्या आणि पांढऱ्या चकत्या असतात. काळ्या चकतीत डुकराचं रक्त असतं, पांढरीतही मांस असतं, दिसायला मात्र ती डाळीच्या वड्यासारखी. भाजीच्या सूपला 'व्हेजिटेबल सूप' म्हणतात आणि ते अनेकदा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं, म्हणून सूपमधला स्टॉक कशाचा, एवढंच विचारा. मेनूकार्डावर पदार्थापुढे बारीक आकडे असतात: ती चौदा ॲलर्जींची यादी. त्यातून दूध, अंडं, मासे, शेंगदाणे कळतात. मांस कळत नाही, कारण मांस त्या यादीत नाही.

निश्चिंत खाता येईल असं म्हणजे ब्राऊन ब्रेड आणि लोणी, सोडा ब्रेड, अंडं चालत असेल तर स्कोन, आणि बटाटा. कुस्करलेल्या बटाट्यात कोबी घातला की कोलकॅनन, कांद्याची पात घातली की चॅम्प. ताजा ब्राऊन ब्रेड, त्यावर जाड लोणी आणि सोबत आयरिश चहा. तो चहा आपल्या जिभेला लगेच पटतो, कारण ते लोकही तो कडक करून दूध घालून पितात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच लेखी सांगावं आणि तरीही सोबत शिदोरी ठेवावी.

शिदोरीत काय चालतं हे कळीचं आहे. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड, पनीर सगळंच बाद. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे. हापूसला नाही, कढीपत्त्यालाही नाही. चिवडा, तेलातली चकली, खाकरा, शेंगदाण्याची चटणी, कोरडं पोहे-उपमा मिश्रण, लोणच्याची छोटी बरणी हे चालतं. हॉटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी किटली असते, गरम पाणी घातलं की उपमा तयार. किटलीत मात्र काही शिजवू नये, आत फक्त पाणी.

पबमध्ये दारू न पिणाऱ्याने जायला अजिबात हरकत नाही. लिंबूपाणी किंवा चहा मागा, कोणी काही म्हणत नाही. लोकसंगीताची बैठक रात्री साडेनऊच्या सुमारास रंगायला लागते. अठरा वर्षांखालच्या मुलांना मात्र आईवडिलांसोबतही रात्री नऊपर्यंतच बसता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत.

बसचं वेळापत्रक कायद्यावर चालतं

ड्रायव्हरला दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा. सलग साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दोन दिवसांच्या मधे साधारण अकरा तासांची रजा. बसमधलं यंत्र हे सगळं नोंदवतं आणि दंड ड्रायव्हरच्या नावावर लागतो. म्हणून 'रात्री जेवल्यावर जरा शहरात सोडा की' ही विनंती नाकारली जाते. त्यात उद्धटपणा नसतो. रात्री बाहेर जायचं तर टॅक्सी.

एक कुटुंब दहा मिनिटं उशिरा आलं की पुढच्या ठिकाणचं राखीव वेळेचं तिकीट हुकतं, आणि पन्नास माणसांचं हुकतं. बसण्याच्या जागा बहुतेक सहलींत रोज दोन रांगांनी पुढे सरकवतात. ज्यांना बस लागते त्यांनी पहिल्याच दिवशी गाईडला सांगून पुढची जागा मागावी, आणि गोळी बस सुटण्याआधी अर्धा तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

डब्लिन

मार्गदर्शित फेरीत ट्रिनिटी कॉलेज आणि बुक ऑफ केल्स बहुधा असतंच. सुमारे सन ८०० चं, वासराच्या कातड्यावर लिहिलेलं चार शुभवर्तमानांचं हस्तलिखित. एका वेळी उघडलेली पानंच दिसतात, म्हणून आधीची माहितीची दालनं घाईने ओलांडू नका, नाहीतर काचेपुढे गेल्यावर काय बघायचं ते कळत नाही. वरचं ६५ मीटर लांबीचं लाँग रूम हे ग्रंथालय जतनाच्या कामासाठी पुस्तकांनी रिकामं केलेलं आहे. भरलेल्या फडताळांचा फोटो मनात धरून जाल तर खट्टू व्हाल.

किल्मेनम तुरुंग पत्रकात नसेल तर मोकळ्या दुपारी स्वतः जा. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६च्या उठावातल्या नेत्यांना इथल्या दगडफोडीच्या अंगणात गोळ्या घातल्या. तिकिटं फक्त मार्गदर्शित फेरीची, भेटीच्या २८ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि झपाट्याने संपतात. भारतातूनच काढा.

आमच्या मते मराठी प्रवाशाने न चुकवण्याची जागा दुसरीच आहे: डब्लिन कॅसलच्या बागेतलं चेस्टर बीटी हे संग्रहालय. मुघल काळातली चित्रं आणि हस्तलिखितं, कुराणाच्या देखण्या प्रती, आणि प्रवेश मोफत. गर्दी नसते. दीड तास ठेवा. किल्डेअर स्ट्रीटचं राष्ट्रीय संग्रहालयही मोफत, पण रविवारी आणि सोमवारी दुपारी एकला उघडतं. सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेत रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे, तो शोधायला दहा मिनिटं पुरतात. आणि गाईडशी गप्पा मारताना लिओ वराडकरांचं नाव निघेलच: दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या या माणसाच्या वडिलांचं मूळ गाव मालवणजवळचं वराड.

शहरात फिरायला बस-ट्रामचं लीप कार्ड घ्या. बसमध्ये रोख द्यायची तर अचूक नाणी लागतात, नोट घेत नाहीत आणि सुट्टे परत देत नाहीत. दुकानात बँकेच्या कार्डाने पैसे देताना यंत्र 'रुपये की युरो' विचारतं. युरो निवडा, रुपयांचा दर नेहमी वाईट असतो.

केरी, मोहर, कॉनेमारा

रिंग ऑफ केरी हा १७९ किलोमीटरचा वळसा. रस्ता अरुंद असल्याने सगळ्या मोठ्या बस घड्याळाच्या उलट्या दिशेने जातात: किलार्नी, किलॉर्गलिन, कॅहरसिव्हीन, वॉटरव्हिल, स्नीम, केनमेअर. म्हणजे समुद्र दिवसभर उजव्या हाताला. त्या दिवशी उजवीकडची खिडकी मिळाली तर सोडू नका. डावीकडे डोंगर आणि मेंढ्या आहेत, तेही वाईट नाहीत. थांबे ठरलेले असतात आणि सगळ्या बस एकाच हॉटेलात जेवायला उतरतात, त्यामुळे साडेबारा ते दीड रांग लांबच. सँडविच बांधून घेतलेल्या माणसाला त्या वेळात किनाऱ्यावर चालता येतं.

कॉर्कजवळच्या ब्लार्नी किल्ल्यावर, वक्तृत्व येतं अशी समजूत असलेल्या दगडाचं चुंबन घ्यायचं तर सव्वाशेच्या आसपास अरुंद, गोल पायऱ्या चढून, वर पाठीवर झोपून, डोकं कड्याबाहेर खाली सोडावं लागतं. एक माणूस धरायला असतो. मानेचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी वर जाऊ नये. खालच्या बागा दीड तास सहज पुरवतात. याच कॉर्क परगण्यात, गटसहलींच्या वाटेपासून लांब, अहाकिस्ता नावाच्या खेड्यात समुद्राकाठी एअर इंडियाच्या कनिष्क विमानाचं स्मारक आहे. २३ जून १९८५ रोजी ३२९ माणसं त्या समुद्रात गेली. कोणाचं कोणी त्यात असेल आणि तिथे जायचं असेल तर सहलीला एक दिवस जोडून बँट्रीहून टॅक्सी करावी.

केरीहून क्लेअर परगण्याकडे जाताना टार्बर्ट-किलिमर फेरीबोट शॅनन नदीच्या मुखावरून वीस मिनिटांत पार करते आणि लिमरिकचा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा वाचवते. पत्रकात ती आहे का पाहा. बस फेरीवर चढली की खाली उतरून डेकवर जा, डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते.

क्लिफ्स ऑफ मोहर: १४ किलोमीटर लांब, सर्वात उंच ठिकाणी २१४ मीटर. दीड-दोन तास मिळतात. पहिला निर्णय उतरल्याबरोबर आकाश बघून घ्या. स्वच्छ असेल तर आधी उजवीकडे, १८३५च्या ओब्रायन्स टॉवरकडे. सर्वात उंच जागा तीच आणि कड्यांची ओळ तिथूनच दिसते. मग डावीकडच्या कट्ट्यावर या. एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत समोरच्या गवताळ सुळक्यावर पफिन हे समुद्रपक्षी असतात. लहान असतात, दुर्बीण लागते. धुकं असेल तर आधी आतलं प्रदर्शन आणि चहा उरका, दर वीस मिनिटांनी बाहेर डोकावा. इथलं धुकं अर्ध्या तासात उठतं आणि अर्ध्या तासात बसतं. फरशीच्या कठड्याबाहेर पाऊल टाकू नका. काठाचं गवत खालून पोकळ झालेलं असतं, वरून ते ओळखू येत नाही, आणि माणसं खरोखर पडून गेली आहेत.

गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारात कायलमोर ॲबी हा मठ मुख्य थांबा. वाटेत क्रिकेटवेड्यांनी बॅलिनाहिंच किल्ल्याबद्दल गाईडला विचारावं. तो जामनगरच्या रणजितसिंहजींचा होता, ते इथे मासेमारीला येत. आता हॉटेल आहे. या भागात आयरिश बोलली जाते आणि काही पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. शौचालयाच्या दारावर 'फिर' म्हणजे पुरुष आणि 'म्ना' म्हणजे स्त्रिया. रोमन लिपीत पहिल्याचं अक्षर एफ, दुसऱ्याचं एम. एफ म्हणजे फीमेल समजून बायका चुकीच्या दारात शिरतात, आणि घाईत हे रोज घडतं.

उत्तर आयर्लंड

बेलफास्टमध्ये टायटॅनिकचं २०१२ साली उघडलेलं संग्रहालय तीन तास खातं. दीड तास दिला असेल तर बाकीची दालनं पटापट उरका आणि जहाजबांधणीच्या भागात वेळ घाला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या शांतताभिंती बघताना टॅक्सीचा चालक आपली बाजू सांगतो. ऐकावं, वाद घालू नये, कोणत्याही पक्षाचा रंग किंवा झेंडा अंगावर नसावा.

जायंट्स कॉजवेवर साधारण ४०,००० बसाल्टचे खांब आहेत, बहुतेक षट्कोनी. लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि भेगा पडल्या, तेच कारण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला लागू आहे. अंधेरीत तो उभा कडा इमारतींमधून मान वर करून बघावा लागतो. इथे खांबांच्या डोक्यांवरून चालत समुद्रात जाता येतं. केंद्रापासून दगडांपर्यंत उताराचा एक किलोमीटर. जाताना चाला, परतताना चढ नको असेल तर थोडे पैसे देऊन छोटी बस आहे. तिच्यासाठी सुटे पौंड ठेवा. राखाडी, कोरड्या दगडांवर उभं राहा. काळे दिसतात ते ओले आणि शेवाळलेले असतात, लाट तिथवर येते म्हणूनच काळे असतात.

परतीचा दिवस

उत्तर आयर्लंडमधल्या बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. त्या भारतात बदलून घ्यायला बहुतेक दुकानं तयार होत नाहीत. बेलफास्ट सोडण्याआधी संपवा, किंवा सुरुवातीपासून तिथे कार्डच वापरा. गाईड आणि ड्रायव्हरची टीप सहलीच्या रकमेत धरली आहे की वेगळी, हे पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतं. वेगळी असेल तर युरोत, पाकिटात, शेवटच्या रात्री जेवणानंतर द्यावी, कारण सकाळी विमानाच्या वेळेप्रमाणे गट फुटतो.

डब्लिन विमानतळ शहरापासून दहा किलोमीटरवर आहे आणि तिथे रेल्वे जात नाही. सकाळी सहा-सातचं विमान असेल तर सहलीची गाडी त्या वेळेला आहे का, हे आदल्या दिवशी दुपारीच विचारा. नसेल तर हॉटेलच्या काउंटरवर टॅक्सी सांगून ठेवा. दोन कुटुंबांची सामानासकट एक मोठी टॅक्सी होते, फक्त ती मोठी हवी हे सांगताना बॅगांची संख्या सांगा.